माळाच्या पोटातला कर्ब

ज्या कोल्हापूर संस्थानच्या माळांवर एकेकाळी छत्रपतींचे शिकारी चित्ते काळविटांमागे सोडले जात, त्या माळांची बोळवण ‘पडीक’ या एका शब्दावर व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते. कुसळी गवताचे पीळदार कुसळ ओल लागताच उलगडत, गिरमिटासारखे फिरत, आपले बी भुईत रोवते; मारवेल, पवना यांच्या मुळांवाटे हवेतील कर्ब मातीत, वणव्याच्या आवाक्याबाहेर, साठत जातो. म्हणून अशा गायरानावर गिरिपुष्पाची दाट लागवड करण्यापेक्षा, मेंढपाळ धनगरांना विश्वासात घेऊन, पाळीपाळीने चराई थांबवून बी पडू देणे श्रेयस्कर. गायरानांवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच राज्यांना फर्मावले आहे. ग्रामसभांनी आता कुरणे राखण्याचे ठराव करावेत.