एक्स्चेंज जोडणे म्हणजे बदलणे नव्हे

व्हॉइपने (इंटरनेटवरून आवाज पाठवण्याची पद्धत) दोन कार्यालयांचे फोन जोडायचे तर जुनी यंत्रणा मोडीत काढावी लागते, हा समज चुकीचा आहे. समजा, बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र आणि परभणीचे कृषी विद्यापीठ यांची ईपीएबीएक्स (कार्यालयातले छोटे एक्स्चेंज) जोडायची आहेत. मध्ये गेटवे (फोनचा आवाज इंटरनेटवर चढवणारे-उतरवणारे यंत्र) बसतो, दोन्ही एक्स्चेंज जागेवरच राहतात. शेजारी राहणाऱ्या भावांनी भिंतीत दार पाडावे, पण चुली वेगळ्याच, तसे. मात्र 201 हा क्रमांक दोन्हीकडे असला की घोळ ठरलेला, म्हणून परभणीसाठी आधी 6 लावून 6201 फिरवायचे. नेट गेले तर? शंका रास्त आहे. त्यासाठी एखादी लँडलाइन ठेवावीच. वेग फारसा लागत नाही: जी.711 या आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याच्या पद्धतीत एका संभाषणाला प्रत्येक दिशेने 100 केबीपीएससुद्धा लागत नाहीत. आवाज तुटतो तो बहुधा त्याच लाइनवर कुणी मोठी फाइल चढवत असल्याने. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम दिला की भागते.