ढोल पुन्हा कमरेला बांधण्यापूर्वी

आषाढ सरत आला की आपल्या शहरात संध्याकाळी मोकळ्या मैदानांवरून ढोल-ताशांचा आवाज येऊ लागतो. गणेशोत्सवासाठी पथकांचे सराव सुरू झालेले असतात. त्याच सुमारास दवाखान्यात एक वेगळा रुग्णवर्ग दिसू लागतो. वय चाळीस ते पंचावन्न, कॉलेजात असताना पथकात वाजवलेले, पुढे नोकरी-संसारात ते सुटलेले. आता मुलगी पथकात जाऊ लागली किंवा जुने मित्र भेटले, आणि पुन्हा वाजवावे असे वाटले. पथकप्रमुख वयाने लहान. तो म्हणतो, ‘काका, जरूर या. आठ दिवस सरावाला उभे राहा, मग मिरवणुकीचे ठरवू.’ म्हणजे परीक्षाच! आणि चौथ्या-पाचव्या दिवशी काका खांदा धरून आमच्याकडे येतात.

या वयात हे धंदे कशाला, असे मी त्यांना मुळीच म्हणत नाही. पण खांदा का दुखला, हे समजून घ्यायला हवे.

एकदा पक्का बसलेला ठेका मेंदू विसरत नाही. सायकल जशी वीस वर्षांनीही चालवता येते, तसेच हे. दोन-तीन दिवसांत टिपरू बरोबर जागेवर पडू लागते, ताशाची तर्रीसुद्धा जमते. माणूस खूश होतो आणि पूर्वीच्या जोमाने वाजवू लागतो. शरीराला मात्र ही वीस वर्षे पुसता येत नाहीत. स्नायूंत तीन-चार आठवड्यांत बरीच ताकद येते. पण स्नायूला हाडाशी जोडणारी जी कंडरा, तिला रक्तपुरवठा बेताचा असतो. ती तयार व्हायला काही महिने लागतात. हात तयार आणि कंडरा कच्ची, असा हा मधला काळ असतो. बहुतेक दुखणी या काळातच सुरू होतात. ढोलवाल्यांचा खांदा आणि कोपर, ताशावाल्यांच्या अंगठ्यामागचे मनगट. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याचा धोका आणखी वाढतो.

तेव्हा परीक्षा श्रावणात असेल, तर तयारी अक्षयतृतीयेच्या आसपास सुरू करावी. सुरुवातीला ढोल नकोच. जुन्या टायरवर टिपरू घेऊन दहा मिनिटे, एक दिवसाआड. रोज अर्धा तास भरभर चालणे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. महिन्याभराने ढोल बांधावा, तोही आधी पाच मिनिटे आणि उभ्यानेच. ढोल बांधून चालणे त्यानंतर. ढोल पुढे लोंबतो, शरीर तोल सावरायला मागे झुकते आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. म्हणून ढोल पोटाशी घट्ट टेकेल असा बांधावा आणि गुडघे किंचित सैल ठेवावेत. हर्निया असेल, तर शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय ढोल बांधू नये. झांज आहे, ध्वज आहे, तेही पथकच.

वाजवल्यावर दुखले, तर रात्रीत थांबते का ते पाहावे. सकाळीही दुखत असेल, तर दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि मग आधीच्या निम्म्या वेळेपासून सुरुवात करावी. येथे एक सवय मला फार खटकते. गोळी घेऊन वाजवायला जायचे! दुखणे हा इशारा आहे, तो गोळीने दाबला की इजा वाढते. शिवाय घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात, रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांना तर जास्तच.

रक्तदाबाचे आणखी एक. वजन धरून उभे राहिले की रक्तदाब चढतो, दम धरला की आणखी चढतो. जोर लावताना श्वास रोखण्याची सवय अनेकांना असते. ठेक्याबरोबर श्वास सोडत राहावे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर सरावाआधी तपासून घ्यावे. वाजवताना छातीत दडपण आले, डाव्या हातात वा जबड्यात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच ढोल सोडावा आणि तडक रुग्णालय गाठावे. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी जाऊन झोपू नये.

आता कानाविषयी, कारण तिकडे कोणीच लक्ष देत नाही. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो, असे मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे शंभर डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे! आणि पथकाच्या मधोमध आवाज शंभराच्या वरच असतो. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सरावानंतर कानात शिट्टी वाजणे, घरच्यांचे बोलणे दबके ऐकू येणे, ही त्याची पहिली खूण.

वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करणारे एक गृहस्थ मला सांगत होते, की कामावर कानात बोळे घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी विचारले, सरावाला घालता का? ते हसले. त्यांना वाटायचे, यंत्राचा आवाज वाईट आणि ढोलाचा चांगला. कानाला तो भेद कळत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे नीट आत बसवले, तर ठेका ऐकू येतोच, फक्त धार कमी होते. साधा कापूस उपयोगाचा नाही. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली, तर घाटी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन श्रवणक्षमता तपासून घ्यावी.

किरकोळ गोष्टी: बोटांना आधीच चिकटपट्टी लावावी. फोड आले तर फोडू नयेत. मधुमेह्यांनी तळहात आणि तळपायही रोज पाहावेत. अनवाणी वाजवू नये. परीक्षेच्या दिवशी दोन तास आधी हलके खावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि ती कोठे आहे हे शेजारच्या वादकाला सांगून ठेवावे. पाणी तहान लागण्याआधीच घोट घोट प्यावे. आणि पहिल्या फेरीत सगळा जोर लावू नये. पथकप्रमुख पहिल्या ठोक्याचा दणका पाहत नाही, अर्ध्या तासाने तुमचा ठेका जागेवर आहे का, ते पाहतो.