एका बटणात पूर्ण ओळ : घरच्या घरी वायरलेस कीबोर्ड



वाशीच्या एपीएमसीत गाळा असो की नेरुळमध्ये छोटं ऑफिस, कोटेशनच्या मेलमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आपण दिवसभर तेच टाइप करतो. १५ अक्षरी जीएसटी नंबर, ११ अक्षरी आयएफएससी कोड, खाते क्रमांक. घाईत एक आकडा चुकला की पेमेंट अडकलंच! यावर एक स्वस्त उपाय आहे.

लागणारं सामान : ब्लूटूथवाला ईएसपी३२ बोर्ड, डेटा चालणारी यूएसबी केबल आणि एक पुश बटण. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे मिळतं. घेताना नीट बघा, ईएसपी३२-एस२ मध्ये ब्लूटूथ नसतं.

बटणाची एक तार जीपीआयओ पिनला, दुसरी ग्राउंडला. आर्डुइनो आयडीईमध्ये बीएलई कीबोर्डची लायब्ररी टाका. प्रोग्रॅम एवढाच : बटण दाबलं की ओळ पाठव, मग बटण सुटेपर्यंत थांब. हे थांबणं विसरलात, तर एकच ओळ दहा वेळा उमटेल. मग कॉम्प्युटरच्या ब्लूटूथ यादीतून बोर्ड जोडा. कॉम्प्युटरला तो साधा कीबोर्डच वाटतो.

आता मराठीचं काय? कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कुठली कळ दाबली तेवढंच सांगतो. अक्षर ठरवतो कॉम्प्युटर. म्हणून आधी कॉम्प्युटरवर मराठी इनस्क्रिप्ट निवडा आणि बोर्डाकडून व्ही, सी, एम, डी, के, ई, जे या कळा पाठवा. स्क्रीनवर उमटेल ‘नमस्कार’! पण इनस्क्रिप्ट चालू असताना जीएसटी नंबरचं बटण दाबलं, तर गिचमिड येईल. आधी भाषा बघायची, मग बटण.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नेट बँकिंगचा पासवर्ड यात कधीच ठेवू नका, बटण कोणीही दाबू शकतं. दोन, शेवटी एंटर पाठवू नका, वाचून मगच स्वतःच्या हाताने पाठवा. तीन, खाते क्रमांक प्रोग्रॅममध्ये टाकताना पासबुक समोर ठेवा आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. हाताने टाइप करताना चूक एका मेलमध्ये होते. इथे चुकलात, तर प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच चुकीचा नंबर जाणार.

आजच बसा आणि दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा टाइप होणारी एक ओळ शोधा. सुरुवात तिथूनच करा.