जॅग्वार ई-टाइपचे पुनरुज्जीवन

जॅग्वार ई-टाइप ही जॅग्वार कार्स या ब्रिटिश कंपनीने १९६१ पासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कव्हेंट्री येथे तयार केलेली वेगवान स्पोर्ट्स कार होय. वर्षानुवर्षे कोठारात किंवा गॅरेजमध्ये पडून राहिलेली अशी गाडी घरच्या घरी, बव्हंशी स्वतःच्या हातांनी पुन्हा रस्त्यावर आणणे हा ब्रिटन व अमेरिकेत रुजलेला छंद आहे. या कामात बंद पडलेले इंजिन सर्वप्रथम नजरेत भरते. परंतु गाडी वाचणार की नाही हे बहुधा तिच्या पत्र्यावर ठरते. ज्या पातळ पोलादी बांधणीमुळे ई-टाइप हलकी व वेगवान झाली, तीच बांधणी गंजाला सर्वाधिक बळी पडते.

बांधणी

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनात सादर झाली. ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन २६५ अश्वशक्ती देते आणि गाडी ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेग गाठते, असा कंपनीचा दावा होता. १९६४ मध्ये ४.२ लिटरचे, तर १९७१ मध्ये बारा सिलिंडरचे ५.३ लिटरचे इंजिन आले. एकूण सुमारे ७२,५०० गाड्या तयार झाल्या व त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत गेल्या.

गाडीचा आकार माल्कम सेयर यांनी निश्चित केला. ते विमान उद्योगातून आले होते आणि १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे ल मांची शर्यत जिंकणाऱ्या डी-टाइपचा आकारही त्यांचाच होता. डी-टाइपची रचना ई-टाइपमध्ये उतरली. तिला सलग चासी नाही. मधला व मागचा भाग पत्रे जोडून केलेला मोनोकॉक, म्हणजे स्वतःच भार पेलणारे कवच आहे. इंजिनच्या मागील आडव्या पोलादी भिंतीला, म्हणजे बल्कहेडला, चौकोनी नळ्यांचा एक पिंजरा बोल्टने जोडलेला असतो. इंजिन, पुढचे सस्पेन्शन आणि पुढच्या बाजूला बिजागरी असलेले लांबलचक बॉनेट या साऱ्यांचा भार हा पिंजराच वाहतो.

गंज आणि मोनोकॉक

दारांखालील सिल हे या कवचाचे मुख्य आधार होत. बाहेरचा व आतला पत्रा आणि त्यांमधील आडव्या पट्ट्या मिळून एक बंद पेटी तयार होते. तिच्यात शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही, आणि कारखान्यात या पोकळ्यांना गंजरोधक लेप फारसा दिला जात नसे. परिणामी सिल आतून खात जातो व बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. जमिनीचा पत्रा, डिकीचा तळ, दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या चाकांचे रेडियस आर्म जिथे जमिनीला जोडलेले असतात त्या वाट्या याही ठरलेल्या जागा आहेत. शेवटची जागा विशेष धोक्याची आहे. तेथील पत्रा फाटल्यास मागचे चाक आपली रेषा सोडते. म्हणूनच चमकदार रंगाच्या, पुटी भरलेल्या गाडीपेक्षा उघडी पडलेली गंजकी गाडी खरेदीदाराला अधिक प्रामाणिक माहिती देते.

सिल बदलताना होणारी चूक सहसा दुरुस्त होत नाही. दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले तर कवच मधोमध खचते किंवा पिळते. छत नसलेल्या गाडीत हा धोका अधिक असतो, कारण तेथे सिलांना छताची मदत नसते. यासाठी कापण्यापूर्वी गाडी समपातळीत टेकवून घेतात, दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत तात्पुरते लोखंडी अडणे बसवतात व सर्व फटींची मापे नोंदवून ठेवतात. एका वेळी एकच बाजू कापली जाते. नवा सिल प्रथम केवळ चिमट्यांनी धरून दार लावून पाहिले जाते. दार नीट मिटले तरच वेल्डिंग होते. मूळचे स्पॉट वेल्ड ड्रिलने काढलेले असतात. त्या जागी नव्या पत्र्याला छिद्रे पाडून ती वेल्डने भरण्याची पद्धत घरगुती कामात रूढ आहे.

बॉनेट अनेक पत्रे बोल्टने जोडून केलेले असून ते गाडीतील सर्वांत महाग सुट्या भागांपैकी एक आहे. त्याची मागची कड बल्कहेडशी जुळावी लागते, तर त्याची बिजागरी पुढच्या नळ्यांवर असते. पिंजरा किंचित वाकडा असला तरी चूक बॉनेटच्या फटीत दिसते. अनुभवी कारागीर त्यामुळे रंगापूर्वीच पिंजरा, बॉनेट, दारे व मागचे झाकण एकदा पूर्ण बसवून पाहतात आणि मग सर्व पुन्हा सुटे करतात. हा कंटाळवाणा टप्पा वगळल्याची किंमत रंग झाल्यावर मोजावी लागते. जुना रंग काढण्यासाठी सँडब्लास्टिंग सोयीचे असले तरी बॉनेटसारखा मोठा पातळ पत्रा त्याने वाकतो. तेथे रासायनिक द्रावण बरे पडते.

पिंजऱ्याच्या नळ्या रेनॉल्ड्स ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या आहेत. सायकलींच्या उत्तम सांगाड्यांमुळे हे पोलाद प्रसिद्ध झाले. नळ्यांच्या भिंती पातळ असून सांधे ब्रेझिंगने जोडलेले असतात. त्या आतून गंजतात, सांध्यांजवळ त्यांना तडे जातात आणि बॅटरीतून गळलेल्या आम्लानेही त्या खराब होतात. सामान्य वेल्डिंगने ठिगळ लावल्यास सांध्याजवळचे पोलाद कमकुवत होऊ शकते. सुदैवाने पिंजरा बोल्टने बसवलेला असल्याने खराब भाग संपूर्ण बदलता येतो. त्यावर जाड पावडर कोटिंग करणे अनेकांना पसंत नाही, कारण पुढे पडणारे तडे त्याखाली झाकले जातात.

इंजिन

एक्सके इंजिन १९४८ मध्ये एक्सके १२० या गाडीबरोबर आले. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि हेडवर दोन कॅमशाफ्ट अशी त्याची रचना आहे. दीर्घकाळ उभे राहिलेले इंजिन स्टार्टरने फिरवण्याचा मोह टाळावा लागतो. सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या रिंगा त्या झटक्याने तुटतात. प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडतात, काही दिवस थांबतात आणि मग क्रँकशाफ्ट पान्याने हाताने फिरवून पाहतात. तो फिरला तरी थंड पाण्याच्या वाटांत साचलेला गाळ काढण्यासाठी ब्लॉक बहुधा उघडावाच लागतो. हेडमधील पाण्याच्या छिद्रांभोवतीचे ॲल्युमिनियम खाल्ले गेलेले असते, ते भरून हेड पुन्हा सपाट करावे लागते.

जोडणीच्या वेळी या इंजिनाचा एक सापळा नवख्यांना महागात पडतो. साखळी सुटलेली असताना कॅमशाफ्ट स्वतंत्रपणे फिरवल्यास इनलेट व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून वाकतात. व्हॉल्व्हची फट टॅपेटखालील चकतीच्या, म्हणजे शिमच्या जाडीने ठरते. ती बदलायची तर कॅमशाफ्ट काढून पुन्हा बसवावा लागतो. म्हणून बारा व्हॉल्व्हची मापे आधी कागदावर लिहून सर्व शिम एकदम बदलण्याचा प्रघात आहे. इंजिन बाहेर काढताना बॉनेट उतरवून ते गिअरबॉक्ससह वर उचलतात.

ब्रेक, विद्युत यंत्रणा व इंधन

मागचे डिस्क ब्रेक चाकांत नसून डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना आहेत. चाकावरील भार त्यामुळे कमी होतो, पण डिस्कची उष्णता डिफरन्शियलच्या ऑइल सीलपर्यंत पोहोचते आणि गळलेले तेल डिस्कवर येते. या भागाचे नीट काम करायचे तर मागचे संपूर्ण सस्पेन्शन त्याच्या पोलादी चौकटीसह खाली उतरवणे सोपे जाते. त्या काळच्या ब्रेक पॅड, क्लच व गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ हवेच्या झोताने उडवणे घातक आहे.

३.८ लिटरच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते, ४.२ लिटरच्या गाड्यांत ऋण टोक. हा फरक न पाहता बॅटरी जोडणे नुकसानकारक ठरते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगते वा चिरते, म्हणून इंधनाचे सर्व पाइप आणि कार्बुरेटरमधील सील आजच्या इंधनास टिकणारे घातले जातात.

मूळपणाचा प्रश्न

ई-टाइपचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा मिळतो. त्यामुळे सर्वच बदलणे सोपे झाले आहे आणि त्यातूनच जुनी गाडी नेमकी कशात उरते हा वाद उभा राहतो. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट कारखान्याच्या नोंदींवरून प्रमाणपत्र देते. त्यात चासी, इंजिन, बॉडी व गिअरबॉक्स यांचे क्रमांक आणि मूळ रंग असतात. या क्रमांकांशी जुळणारी गाडी अधिक किमतीला विकली जाते. फिवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची तुरिन सनद, वास्तुवारशासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर, नवे करण्यापेक्षा आहे ते टिकवण्यास प्राधान्य देते. खुद्द कंपनीची भूमिका वेगळी दिसते. २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीची असलेली जॅग्वार २०१७ पासून जुन्या ई-टाइप पूर्णपणे नव्यासारख्या करून विकू लागली.

घरी काम करणाऱ्याला हा प्रश्न तत्त्वाचा नसून रोजच्या कामातला असतो. सर्वांत आधीच्या ई-टाइप गाड्यांत जमिनीचा पत्रा सपाट होता व बॉनेटचे खटके बाहेरून उघडत. १९६२ च्या सुरुवातीस पाय ठेवण्याच्या जागी खोलगट पत्रा आला, कारण उंच चालकांना सपाट जमिनीवर अडचण होई. अशा आरंभीच्या गाडीचा कुजलेला तळ बदलताना नंतरचा पत्रा सहज मिळतो, तो अधिक आरामदायीही असतो. पण तो बसवला की त्या गाडीचे आरंभीचेपण दाखवणारी एक ठळक खूण नाहीशी होते. चांगल्या स्थितीतील मूळ पत्र्याचा तुकडाही त्यामुळे जपून ठेवला जातो आणि कापण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घेतली जातात.