सांगावे की न सांगावे?

प्रश्न गंभीर असला म्हणजे चित्रपटातही आक्रोश हवाच, असा आपल्याकडे एक समज आहे. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘श्वास’ (२००४) या मराठी चित्रपटाने तो खोटा ठरविला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘श्यामची आई’नंतर मराठीला हा मान लाभावयास सुमारे पन्नास वर्षे जावी लागली.

कोकणातले एक आजोबा आपल्या चिमुकल्या नातवाला, परशुरामला, शहरातील डॉक्टरांकडे आणतात. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाला कर्करोग झाला आहे. प्राण वाचवावयाचे तर डोळे काढावे लागणार. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांत आढळतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणे ही त्याची एक ठळक खूण होय, आणि तो वेळीच ओळखला गेल्यास पुष्कळदा डोळाही वाचतो. येथे ती वेळ निघून गेली आहे.

तेव्हा शस्त्रक्रिया करावी की नाही, हा वादच नव्हे. वाद आहे तो मुलाला सांगण्याचा. बारा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत कायदा पालकाची संमती ग्राह्य मानतो. कागदावर आजोबांची सही चालते. परंतु शुद्धीवर आलेल्या मुलाने ‘दिवा लावा’ म्हटले, तर उत्तर कोणी द्यावयाचे? मुलाला आधी कल्पना दिलीच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह, आणि आजोबांची तर जीभ रेटत नाही. अरुण नलावडे यांचा अभिनय पाहावा तो येथे. ते रडत नाहीत, नुसते घुटमळतात.

जयपूरजवळील चौमूं येथे एका मराठी कुटुंबासमवेत आम्ही हा चित्रपट पाहिला. घरातल्या आजी मध्येच म्हणाल्या, “कशाला सांगायचं पोराला? दोन दिवस सुखाने खेळू दे की!”

“पण आई,” सूनबाई हळूच म्हणाल्या, “मग पुढे तो आपल्यावर विश्वास कसा ठेवील?”

आजी काही बोलल्या नाहीत.

पुढे शस्त्रक्रिया लांबते, आणि आजोबा कोणालाही न विचारता नातवाला घेऊन रुग्णालयाबाहेर पडतात. दृष्टी आहे तोवर त्याला जग दाखवावयाचे म्हणून! सगळ्या रुग्णालयाची धावपळ उडते. डॉक्टर संतापतात, आणि आमच्या मते त्यांचा संताप रास्तच आहे. तरीही त्या क्षणी आजोबांना दोष देणे आमच्याने झाले नाही. दिग्दर्शकानेही तो दिलेला नाही. शेवटी काळा चष्मा लावलेला परशुराम होडीतून गावी परततो आणि काठावरचे ओळखीचे आवाज कान देऊन ऐकू लागतो.