डोहाळजेवणाआधी एक आकडा विचारा

सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आपल्या घरांत किती हौसेनं होतं! हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, बर्फी की पेढा हा खेळ. पण एवढ्या गोतावळ्यात ‘‘तुझं हिमोग्लोबिन किती आहे गं?’’ असं सहसा कुणी विचारत नाही.

गरोदरपणात हा आकडा ११ च्या खाली गेला, तर तो रक्तक्षय समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये तो आढळला. खात्यापित्या घरांतल्या मुलीही त्यात आहेत. या काळात आईच्या शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, बाळालाही लोह लागतं. ते पुरलं नाही, तर थकवा येतो, धाप लागते. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची भीती वाढते. बाळंतपणात जास्त रक्तस्राव झाला, तर आईच्या जिवावर बेतू शकतं.

मुंबईत लागलेला शोध

रक्त कमी होण्याला लोहाशिवाय आणखीही एक कारण असतं. ते उमगलं मुंबईत. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. हाफकिन संस्थेत काम करताना तिने कापड गिरण्यांतल्या गरीब गरोदर कामगार स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासला. त्यांच्या आहारातच काहीतरी कमी होतं. यीस्टपासून बनवलेलं मार्माइट दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे आजचं फोलेट. गोळीच्या रूपात आपण त्याला फोलिक अॅसिड म्हणतो.

बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची जडणघडण पहिल्या महिन्यातच सुरू होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून बाळाचा विचार सुरू झाला, की डॉक्टरांना विचारून ही गोळी आधीच सुरू करावी.

पोह्यांवर लिंबू, चहा मागाहून

पोहे आणि चहा ही आपली इंदूरची लाडकी जोडी. पोह्यांवरचं लिंबू लोह शोषायला मदत करतं, चहा मात्र आड येतो. म्हणून खाणं आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. पालेभाज्या, कडधान्यं, गूळ-शेंगदाणे, चालत असल्यास मांसाहार हे हवंच, पण आहार म्हणजे गोळीला पर्याय नव्हे. सरकारी कार्यक्रमानुसार लोह-फोलिकची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस घ्यायची असते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका. शौचाला काळं होणं हा लोहाचाच परिणाम, घाबरू नका. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झालं, तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.

घरच्यांचं काम

सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणं, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर नसणं, तपासण्या पुढे ढकलणं, ही कारणं एकट्या सुनेच्या हातातली नाहीत. सासूबाईंनी तिला आधी पान वाढावं. नवऱ्याने तपासणीला सोबत जावं आणि रिपोर्ट स्वतः वाचावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही हे जरूर सांगा.

डोहाळजेवण थाटात होऊ द्या. फक्त आमंत्रणं धाडण्याआधी तो आकडा एकदा विचारून घ्या.