कॉइलवरचा दगड

सकाळी ७.१५

जानेवारीत माझा फोन लोकांच्या आंघोळीच्या वेळेला वाजायला लागतो. तक्रारी दोनच: "पाणी तापत नाही" आणि "गीझर लावला की एमसीबी पडतो." पहिल्याला दुपारची वेळ देतो. दुसऱ्याकडे आधी जातो, कारण कॉइलचं आवरण फुटून पाणी आत शिरलेलं असतं. "ताई, बटण बंद करा, मी येईपर्यंत लावू नका." वाघोली, केसनंद, लोहगाव हा माझा पट्टा. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, पण इथली कितीतरी घरं अजून बोअर आणि टँकरवरच चालतात. माझंही त्यावरच चालतं.

८.३०

पंधरा लिटरचा गीझर, बसवून दोन वर्षं झालेली. मेन बंद केला, पाणी सोडून दिलं, खालच्या प्लेटचे नट काढले. कॉइल बाहेर येईना. ज्या भोकातून आत गेली त्यातून निघत नव्हती, एवढा क्षार चढलेला. स्क्रूड्रायव्हरने आतल्या आत फोडून काढली. बादलीत पिवळट खपल्यांचा ढीग झाला. काकांचा प्रश्न नेहमीचा, "माल हलका लागला का?"

बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, गार पाण्यात ते दिसतही नाही. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं. बसतं तेही सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर. काकांना तिथेच हिशेब करून दाखवला. लिटरला ४०० मिलिग्रॅम हार्डनेस धरा, रोज १०० लिटर गरम पाणी. दिवसाला ४० ग्रॅम दगड या टाकीतून जातो. सगळा बसत नाही, पण बसतो तेवढा पुरतो.

क्षारामुळे वीजबिल दुप्पट होतं, असं छातीठोक सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. कॉइल पाण्यात बुडालेली आहे, उष्णता जाणार कुठे? बिल जेमतेम हलतं. मरते ती कॉइल. थरामुळे तिची धग पाण्यात पटकन उतरत नाही, ती आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस फुटते.

नवी कॉइल, नवं गॅस्केट, नवा मॅग्नेशियमचा रॉड. जुन्या रॉडची नुसती तार उरली होती. त्याचा क्षाराशी संबंध नाही. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. थर्मोस्टॅटचा काटा ७५ वर होता, तो ५५ वर आणला. काकूंना आवडलं नाही. म्हटलं, "बादलीत गार पाणी मिसळताच ना? आता कमी मिसळा."

११.००

वॉशिंग मशीनमध्ये पाणी हळू येतंय. मागचा पाइप काढला. इनलेटची जाळी क्षार आणि रेतीने बुजलेली. जुन्या टूथब्रशने घासून बसवली. एवढ्याचे पैसे मागायला संकोच वाटतो, पण मागतो.

१२.१५

टपरीवर चहा. इथल्या दगडखाणींतून कॅव्हनसाइट नावाचं निळंशार स्फटिक निघतं, आणि जगभरचे खनिज गोळा करणारे वाघोली ओळखतात ती त्याच्यामुळे. त्यातही कॅल्शियम आहेच. याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलेलं असतं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत बोअरपर्यंत पोचतं. खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीत पडून धरणात येतं, खडकात फार रेंगाळत नाही, म्हणून मऊ. ते पाणी येतं त्या पुण्याच्या पेठांमधल्या मिस्त्रींना माझ्याइतक्या कॉइली विकता येत नाहीत.

२.३०

सोसायटीच्या ऑफिसात सॉफ्टनर घ्यायचा की नाही यावर खडाजंगी. एक सभासद टीडीएस मीटर नाचवत होते, "नऊशे! बघा, नऊशे!" मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात मीठही आलं. कॉइलवर बसणारं त्यातलं किती, हे त्याला कळत नाही. त्याहून वाईट तो फिल्टर विकणाऱ्यांचा खेळ: ग्लासात दोन कांड्या सोडायच्या, वीज लावायची, पाणी तपकिरी झालं की म्हणायचं, "तुम्ही हे पिता." तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो.

माझ्या पेटीत हार्डनेस मोजायचं थेंबांचं किट आहे. नमुन्यात रंग घातला की पाणी लालसर होतं. मग थेंब मोजत जायचं आणि निळं झालं की थांबायचं. बोअरचं पाणी ६०० च्या वर निघालं, आजच्या टँकरचं त्याच्या निम्म्याहून कमी. आयएस १०५०० हे भारतीय मानक पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत ठीक म्हणतं, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. पण उद्याचा टँकर कुठल्या विहिरीवर भरेल, हे सेक्रेटरींनाही ठाऊक नव्हतं.

सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियम धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. ते भरलं की मिठाच्या पाण्याने धुवायचं. खजिनदारांनी विचारलं, "मग टीडीएस किती उतरेल?" उतरणार नाही. त्यांचा चेहराच पडला. लाइन बाथरूमला आणि मशीनला द्या, झाडांना नको, आणि मीठ कोण टाकणार हे आधी ठरवा, असं सांगून उठलो. मीठ न मिळाल्याने बंद पडलेले सॉफ्टनर पंपाच्या खोल्यांत उभे असतात, वर झाडू आणि पोछे वाळत घातलेले.

६.००

एका पोराने केटलीतला क्षार काढायला संडासाचं ॲसिड ओतलं होतं. क्षार गेला, आणि स्टीलला बारीक खड्डे पडले. ती केटली फेकायला लावली. पुढच्या वेळी दोन चमचे लिंबूसत्त्व, कोमट पाणी, अर्धा तास; मग खळखळून धुवायचं.

८.४५

उद्या केसनंदला सोलर आहे. नळ्यांच्या तळाशी क्षार साचलाय. रिकाम्या नळीवर ऊन पडलं की काच भयंकर तापते, त्यात गार पाणी गेलं तर तडकते. म्हणून साडेसहालाच गच्चीवर पोचायचंय. तिथल्या कॉलनीतल्या काकांना फोन करून सांगितलं, "आज रात्रीच टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवा, आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडे द्या." गीझरवाल्यांना उद्या नऊनंतर.